चौऱ्याऐंशी विसावे

गावदेवीच्या पालखीच्या यादीत आमच्या इमारतीतले चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी फ्लॅट कसे आले, याचा खुलासा मी आतापर्यंत चार ठिकाणी केला आहे. देवळात पंचांसमोर, सोसायटीच्या तातडीच्या सभेत, पोलीस चौकीत आणि घरी. पहिल्या तीन ठिकाणी कुणाला काही कळलं नाही. घरी मात्र मेघनाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं कळलं, आणि तेच जास्त त्रासाचं झालं. आता पाचव्यांदा लेखी सांगतो. खरं तर माझं मलाच अजून नीट उलगडलेलं नाही, पण लिहिताना उलगडेल अशी आशा आहे.

मी मुळात टेबलातला माणूस. वागळे इस्टेटमधली आमची कंपनी कारखान्यांच्या मालाची माहिती संगणकावर सांभाळते. कुणाकडे किती नट, किती बोल्ट, कुठल्या फळीवर. सव्वीस वर्षं मी हे काम टेबलांत करत आलो. टेबल म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने, रेशनच्या रजिस्टरात असतात तसे. प्रत्येक ओळीला तेवढेच रकाने, ओळीने स्वतःचं डोकं चालवायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं. माझा स्वभावही असाच आहे असं मेघना म्हणते, पण ते असो.

गेल्या वर्षी कंपनीने आम्हाला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. त्यात कळलं की आपल्या याच टेबलांना आता नवी विद्या शिकवता येते. ओळ ही नुसती ओळ राहत नाही, ती ऑब्जेक्ट होते. ऑब्जेक्टला स्वतःची माहिती असते आणि स्वतःची वागणूकही असते. शिवाय एका प्रकारापासून दुसरा प्रकार काढता येतो, आणि तो आईबापाचं सगळं घेऊनच जन्माला येतो, वर स्वतःचं थोडं. दुपारच्या जेवणानंतर माणसाला जेवढं समजतं तेवढं मला समजलं. नटबोल्टांना वागणूक नसल्यामुळे ऑफिसात ही विद्या कुणी वापरली नाही. माझे हात मात्र शिवशिवत राहिले.

अशा मनःस्थितीत मार्चमधल्या एका रविवारी दामाजी भोईर आमच्या घरी आले. दामाजी म्हणजे देवखार गावच्या जत्रा मंडळाचे अध्यक्ष. आम्ही राहतो ते डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला, या देवखारमध्येच. कधीकाळी इथे मिठागरं होती. आता मिठागरं गेली, मीठ करणाऱ्यांची बरीचशी घरं गेली आणि त्यांच्या जागी आमचा एकवीस मजल्यांचा 'ग्रीन व्हिस्टा' उभा आहे. नावात ग्रीन काय आणि व्हिस्टा काय, हे बिल्डरलाच ठाऊक.

"सायेब, तुमी कंप्युटरवाले ना?" दामाजींनी बसल्या बसल्या विचारलं. "एक काम व्हता. अर्ध्या तासाचा."

माझ्या आयुष्यातली सगळी मोठी संकटं अर्ध्या तासाच्या कामांतून आलेली आहेत. तरी मी चहा मागवला.

काम असं होतं. चैत्रात गावदेवीची पालखी निघते आणि गावातल्या अठ्ठेचाळीस घरांपुढे थांबते. रस्ता अरुंद, वाहतूक तुंबते, म्हणून या वर्षी पोलिसांनी छापील यादी मागितली होती. कुठलं घर, किती वाजता, किती मिनिटं. यादीत नाही तिथे थांबायचं नाही. आजवर ही यादी ज्यांच्या डोक्यात होती ते म्हातारे भगत गेल्या दिवाळीत वारले, आणि आता जेवढे पंच तेवढ्या याद्या झाल्या होत्या.

दामाजी सांगू लागले आणि मी ऐकतच राहिलो. पाटलांच्या दारात पालखी तीनदा नाचवायची. त्यांच्या शेजारच्या दारापुढून मात्र वाजंत्री बंद करून जायचं, कारण तिथे पणजोबांच्या काळी काहीतरी घडलं होतं. काय घडलं ते कुणालाच आठवत नाही, पण बंद म्हणजे बंद. एका घरी नारळ आतून येतो, एका घरी बाहेरून. एका घरापुढे पालखी पाठमोरी न्यायची. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही घरं म्हणजे ओळी नव्हत्याच! प्रत्येकाला स्वतःची वागणूक होती.

"आन एक भानगर हाय," दामाजी आवाज उतरवून म्हणाले. "मंजुळाबायचा घर."

मंजुळाबाय केणे आमच्याच इमारतीत नऊशे चारमध्ये राहतात. वय त्र्याऐंशी. त्यांचं जुनं घर आमच्या इमारतीच्या जागेवर होतं, आणि अठ्ठेचाळीस घरांतलं ते होतं विसाव्याचं घर. म्हणजे अख्ख्या वाटेत पालखी खांद्यावरून खाली उतरायची ती फक्त त्यांच्या ओट्यावर. वीस मिनिटं देवी तिथे बसायची. बाय खांदेकऱ्यांचे पाय धुवायच्या आणि सगळ्यांना ताक द्यायच्या. घर पडलं, बायना नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, आणि गेली तीन वर्षं पालखी गेटासमोरून न थांबता पुढे जात होती.

"मग इमारतीत आणा की पालखी," मी म्हणालो.

"वर बारा मजले लोक चालतान, आन खाली देवी? लोकांचे पायाखाली देवी बसवाची? नाय जमाचा," दामाजी म्हणाले. "पंच बोलतान, घर गेला, मान गेला. पन बायच्या डोल्यात बगवत नाय हो. दर साली गॅलरीत उभी ऱ्हाते. यादीत कुटंतरी बसवा, म्हंजे गेटाजवल उघड्यावर थांबवतो. पोलिसांचा शिक्का असला तं पंच पन काय बोलाचे नाय."

त्याच संध्याकाळी बाय मला लिफ्टमध्ये भेटल्या. दामाजींनी त्यांना आधीच सांगितलेलं दिसलं. हिरवं लुगडं, ठेंगणी मूर्ती, आणि नऊचं बटण हाताला लागत नाही म्हणून कुणीतरी येण्याची वाट पाहत लिफ्टमध्ये उभ्या.

"टिपणीस सायेब, मना बाकी कय नको," त्या म्हणाल्या. "मरायच्या आधी एक डाव देवी माझे दारान बसू दे."

आता इथे एखाद्या शहाण्या माणसाने "बघू" म्हटलं असतं. मी छाती पुढे काढली. "बसणार बाय. माझा शब्द आहे." नववा मजला आला तेव्हा त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी राहतो चौदाव्या मजल्यावर, पण गडबडीत त्यांच्याबरोबर नवव्यावरच उतरलो आणि उरलेले मजले जिन्याने चढलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सगळी योजना दिपिकाला सांगितली. दिपिका माझी सहकारी. वयाने पंधरा वर्षांनी लहान आणि अकलेने तितकीच मोठी, हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलेलं नाही.

"सर, अठ्ठेचाळीस घरं आहेत ना?" ती डबा उघडत म्हणाली. "एक टेबल करा. एक 'विशेष सूचना' म्हणून रकाना ठेवा. त्यात लिहा, तीनदा नाचवणे. झालं."

"दिपिका, तू घराकडे ओळ म्हणून बघतेयस."

"सर, मी भेंडीकडे बघतेय. तुम्ही पण जेवा."

मी तिला मनातल्या मनात क्षमा केली आणि आठवडाभर रात्रंदिवस राबलो. आधी 'घर' हा प्रकार केला. त्यापासून 'मानाचं घर' काढलं. त्यापासून 'विसाव्याचं घर'. त्यात मंजुळाबायचं नाव, वीस मिनिटं, पाय धुणे, ताक. पण बायचं घर तर जागेवर नव्हतं! तिथे इमारत होती. मग मी, आणि इथेच माझ्या मते माझ्या बुद्धीचा कळस झाला, 'इमारत' हा प्रकार 'विसाव्याच्या घरा'पासून काढला. जमीन तीच, मग मान तोच. आईचं लेकीला. आणि पालखीच्या दिवशी गेटासमोरच्या गाड्या हलवा म्हणून सगळ्या रहिवाशांना निरोप द्यायचा होता, त्यासाठी सोसायटीच्या सभासदांची यादी घेऊन 'फ्लॅट' हा प्रकार 'इमारती'पासून काढला.

मेघनाला हे दाखवलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "म्हणजे आपल्या फ्लॅटलाही विसाव्याचा मान आला का?" तिने विचारलं.

"छे! ते फक्त निरोपासाठी."

"तुझ्या कंप्युटरला माहितेय का ते?"

बायकांना तांत्रिक गोष्टी समजावून सांगण्यात अर्थ नसतो, असं मी तेव्हा म्हणालो. हे वाक्य घरात अजून रोज एकदा तरी माझ्या तोंडावर फेकलं जातं.

मग मी संगणकाला साधा प्रश्न विचारला. सगळी घरं वेळेनुसार दाखव. त्याने झरझर कागद तयार केला. पहिल्या पानावर पाटलांचं घर, तीनदा नाचवणे. खाली शेजारचं घर, वाजंत्री बंद. इतकं देखणं दिसत होतं की मी ते पान तीनदा वाचलं आणि फाईल तशीच दामाजींना मोबाईलवर पाठवून दिली. फाईल आठ पानांची होती हे मला नंतर इतरांकडून कळलं. सज्जन माणूस पहिलं पान चांगलं निघालं की बाकीच्यांवर विश्वास ठेवतो.

दामाजींनी तर पहिलं पानही वाचलं नाही. त्यांनी ती गावाच्या ग्रुपवर टाकली, ग्रुपवरून ती सोसायटीच्या ग्रुपवर आली, एक प्रत देवळाच्या भिंतीवर लागली आणि एक पोलीस चौकीत गेली. हे सगळं मी अंघोळीला गेलो होतो तेवढ्या वेळात झालं.

बाहेर आलो तर दारात प्रफुल्ल. प्रफुल्ल आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, बाराव्या मजल्यावरचा. एरवी तो माझ्याकडे फक्त मेंटेनन्सबद्दल बोलायला येतो. आज त्याने चक्क वाकून नमस्कार केला.

"टिपणीस, मान गये यार तुम्हाला! प्रत्येक फ्लॅटला वीस मिनिटं देवी? माझी आई रडायला लागली. पण एक प्रॉब्लेम झालाय. बाराशे दोनला भाडेकरू आहेत. मान भाडेकरूचा की मालकाचा? मालक विठ्ठलवाडीवरून निघालाय."

मी ओल्या डोक्याने मोबाईल उघडला आणि तिसऱ्या पानापासून पुढे वाचलं. फ्लॅट एकशे एक, विसावा, वीस मिनिटं, पाय धुणे, ताक. फ्लॅट एकशे दोन, विसावा. असं करत करत एकविसाव्या मजल्यापर्यंत. मी संगणकाला 'घरं' विचारली होती, आणि त्याने घरांबरोबर घरांची सगळी लेकरंबाळं, नातवंडं आणून माझ्यासमोर उभी केली होती. प्रत्येकाच्या हातात आजीचा मान. वाईट याचं वाटलं की त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

संध्याकाळी सोसायटीची तातडीची सभा झाली. चुकून छापलंय, हे मी तीन वेळा सांगितलं. ते कुणालाच ऐकायचं नव्हतं. विसावा वरून खाली की खालून वर, यावर पाऊण तास गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी, खांदेकरी सोळा आणि फ्लॅट चौऱ्याऐंशी, तर एवढं ताक पिऊन त्यांची प्रकृती कशी राहील, असा माणुसकीचा प्रश्न काढला. ज्यांची मेंटेनन्सची थकबाकी आहे त्यांना मान देऊ नये, अशी सूचना आली आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. मी बोलायला उठलो की लोक मला "तुम्ही बसा, तुम्ही खूप केलंत" म्हणून खाली बसवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पंच. तिथे मला कुणीच बसवलं नाही. "बाहेरच्या चौऱ्यांशी लोकांना वीस वीस मिंटा," पाटलांचे थोरले कडाडले, "आन आमाला सा मिंटा? आमी देवी आनली या गावान! तुमी काल आलेले!" मी म्हणालो की हा वारशाचा तांत्रिक घोटाळा आहे. वारसा हा शब्द जमिनी विकलेल्या गावात उच्चारायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर पंचवीस मिनिटं माझ्याशी कुणी बोललं नाही, एकमेकांशीच बोलले, आणि त्यात सातबाराच जास्त होता.

तिथून चौकीत. हवालदार शांत स्वभावाचे होते. त्यांनी आठही पानं वाचली होती. आयुष्यात माझं लिखाण शेवटपर्यंत वाचणारे ते पहिलेच.

"चौऱ्याऐंशी गुणिले वीस," ते म्हणाले. "अठ्ठावीस तास झाले. ही बाकीची घरं सोडून. साहेब, दिवस चोवीस तासांचा असतो."

"मला कल्पना आहे."

"आणि पालखी लिफ्टने नेणार की जिन्याने? जिन्याने असेल तर त्याची परवानगी आमच्याकडे येत नाही. अग्निशमनकडे जावं लागेल."

मी म्हणालो की उद्या दुरुस्त यादी आणतो. ते म्हणाले, उद्या शेवटचा दिवस, एकदा शिक्का पडला की पुन्हा कानामात्रा बदलणार नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण मारुती तरी एक असतो.

त्या रात्री मी संगणकासमोर बसलो. 'फ्लॅट' काढायला गेलो तर संगणक म्हणाला, याला अमुक जोडलेलं आहे. 'इमारत' काढायला गेलो तर म्हणाला, तिला तमुक जोडलेलं आहे. निरोपाची सोय, गाड्यांची यादी, वेळेचं गणित, सगळं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेलं. शेवटी मी वैतागून वरच्या प्रकाराला हात घातला आणि हुकूम दिला, जे जे जोडलेलं असेल त्या सगळ्यासकट काढ. त्याने काढलं. एका सेकंदात चौऱ्याऐंशी फ्लॅट गेले. यादी दोन पानांची झाली. या वेळी मी दोन्ही पानं वाचली, पाटलांना दोन मिनिटं वाढवून दिली आणि सकाळी शिक्का मारून आणला. पंच खूश झाले. दामाजींनी मला पेढा दिला.

ऑफिसात मी ती शिक्क्याची यादी दिपिकाला विजयी मुद्रेने दाखवली. तिने पेनाच्या टोकाने ओळी मोजल्या.

"सर, अठ्ठेचाळीस घरं होती ना? ही सत्तेचाळीस आहेत."

मी पुन्हा मोजलं. मग पुन्हा. मग खालून वर मोजलं. कुठल्याही बाजूने सत्तेचाळीसच. वरचा प्रकार म्हणजे 'विसाव्याचं घर'. त्यातली लेकरं गेली तशी आईही गेली होती. मंजुळाबायचं घर एकदा बिल्डरने पाडलं होतं. दुसऱ्यांदा मी पाडलं.

मी तिथूनच दामाजींना फोन लावला. "सायेब," ते म्हणाले, "आता टावरचा नाव काढला तं पंच मना जत्रेतून काढतील. शिक्का पन परला. तीन साल थांबली बाय. आनखी एक साल थांबेल."

त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला आणखी एक साल थांबा म्हणून सांगायला कुणाची जीभ रेटणार? माझी तर रेटत नव्हती. मेघना म्हणाली, "चूक तुझी आहे ना? मग तू जाऊन सांग." एवढंच म्हणाली. नेहमीसारखी चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी रोज ठरवायचो की आज सांगू आणि रोज जिन्याने जायचो, लिफ्टमध्ये भेट नको म्हणून. चौदा मजले. गुडघे बोलू लागले. शेवटी पालखीच्या दिवशी सकाळी आठ वाजता नऊशे चारची बेल वाजवली.

दार उघडंच होतं. उंबऱ्यापुढे रांगोळी. आत फरशी अजून ओली. दोन मोठ्या पातेल्यांत ताक, एका नव्या टबात पाणी, त्यात झेंडूच्या पाकळ्या. बाय नवं लुगडं नेसून पाटावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी वाटीत ताक ओतलं.

"मीठ बगा जरा. मना आता चव कलत नाय."

मी चव घेतली. "बाय, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या यादीत..."

"मना सगला दामाजीनी सांगितला. माझेमुले तुमाला लई तरास झाला."

दामाजींनी काय सांगितलं होतं आणि काय नव्हतं, ते देव जाणे. त्या माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होत्या की माझ्या तोंडातलं वाक्य ताकाबरोबर खाली गेलं. "मीठ बरोबर आहे," मी म्हणालो. मग त्या मला म्हणाल्या की टब जड आहे, तेवढा खाली गेटापर्यंत न्या. आणि मी नेला! जे होणार नाही हे मला ठाऊक होतं, त्याची तयारी मीच नवव्या मजल्यावरून खाली वाहून आणली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

साडेअकराला पालखी वळणावर दिसली. ताशा कडकडत होता. मी काही न सुचून पालखीपर्यंत पळत गेलो. दामाजी घामाने निथळत होते. "दामाजी, पाच मिनिटं तरी," मी म्हणालो. त्यांनी मागे बघितलं. मागे पाटलांचे थोरले, त्यांच्यामागे हवालदार, हातात माझी यादी.

"मी कसा थांबवू? सगले बगतान," दामाजी म्हणाले. मग माझ्या खांद्याकडे बघत म्हणाले, "त्यापरीस तुमी खांदा द्या. टावरच्या मानसाचा पन हात लागू दे देवीला." आणि डाव्या बाजूच्या एका माणसाला बाजूला करून त्यांनी मला दांड्याखाली उभं केलं.

आता पुढचं मी जसं घडलं तसं सांगतो. गेट दहा पावलांवर आलं. वर मोकळं आभाळ होतं. टबाशेजारी मंजुळाबाय पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. पालखी त्यांच्या समोर आली आणि थांबण्याऐवजी पुढे निघाली. बायनी हातातला तांब्या उचलला होता, तो तसाच राहिला. नुसत्या बघत राहिल्या. आणि माझे पाय थांबले.

मागचा माणूस माझ्या पाठीवर आदळला. पालखी डुगडुगली. "काय झाला?" चारी बाजूंनी ओरडा झाला.

"जड झाली," मी म्हणालो.

ताशा बंद पडला. खांद्यावर पालखी जड झाली म्हणजे देवीला तिथेच बसायचं आहे, हे देवखारमध्ये लहान पोरालाही माहीत असतं. मला ते कुठून सुचलं ते विचारू नका. पालखी खरंच जड झाली होती का? सव्वीस वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला कुठलीही पालखी जडच लागणार. पण पाय मी थांबवले की थांबले, हे मला अजून सांगता येत नाही.

पाटलांचे थोरले माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकडे पाहिलं. मग स्वतः दांड्याला खांदा लावला आणि म्हणाले, "हाव. जड झाली. उतरवा."

पालखी गेटासमोर उतरली. बाय खाली बसल्या आणि एकेका खांदेकऱ्याचे पाय धुवू लागल्या. माझी पाळी आली तेव्हा मी पाय मागे घेतला. त्यांनी घोटा धरून पुढे ओढला. म्हाताऱ्या हातांत बरीच ताकद होती. त्या घोट्यापासून टाचेपर्यंत नीट धूत होत्या, आणि त्यांचे डोळे वाहत होते, आणि मला खाली बघवत नव्हतं म्हणून मी वर आमच्या चौऱ्याऐंशी गॅलऱ्यांकडे बघत राहिलो. सगळ्या भरलेल्या होत्या. बाराव्या मजल्यावर प्रफुल्ल हात जोडून उभा होता.

तेवढ्यात हवालदार पुढे आले. "हा थांबा यादीत नाही," ते म्हणाले.

"मग लिवा," पाटलांचे थोरले म्हणाले.

हवालदारांनी क्षणभर सगळ्यांकडे बघितलं. वाटलं, नियम काढतील. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि यादीसह माझ्या हातात दिलं. "तुमची यादी आहे. तुम्हीच लिहा. मी खाली सही करतो."

मी ओल्या पायांनी गेटाच्या खांबावर कागद टेकवला. एकतीस आणि बत्तीस नंबरच्या घरांमधल्या बारीक जागेत एक साधी ओळ घातली. मंजुळा धाकू केणे. विसावा. वीस मिनिटं. मग पुढच्या रकान्यात अडलो. रकाना होता 'घर कुठे'. नऊशे चार लिहावं तर देवी नवव्या मजल्यावर बसली नव्हती. जुना घरनंबर लिहावा तर घरच नव्हतं.

"बाय, घर कुठे म्हणून लिहू?" मी विचारलं.

बायनी ओला हात पदराला पुसला आणि पालखीशेजारच्या डांबरावर ठेवला.

"इकरं," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं. हवालदारांनी सही केली, आणि मग त्यांनीही बूट काढले.